फाटकाची कडी

गावात तिला सगळे पहारेकरीण म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं तिच्या कानावर यायचंच, आणि खरं सांगायचं तर हे नाव तिला मनातून आवडायचं. कोंबड्यांना खुराडं लागतं, शेताला कुंपण लागतं, मग घरातल्या विश्वासाला राखण नको का, असा तिचा सवाल असे. तो तिने एकदा चर्चच्या पाळकांनाही विचारला होता. पाळकांनी घड्याळाकडे बघत 'अगदी खरं' म्हटलं. त्यांचं ते घड्याळाकडे बघणं तिने दोन वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

रागाची तिच्याकडे कधीच कमतरता नव्हती. त्या वर्षी तर तेवढं एकच पीक भरघोस आलं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरीचा तळ दिसत होता, माळावरचं गवत पायाखाली कुडकुड मोडत होतं. पाच गाईंपुढे वाळका चारा टाकला की त्या आधी टाकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग नाइलाजाने खायला लागायच्या. हिरवं म्हणावं असं एकच उरलं होतं. गोठ्यामागे, तारेच्या कुंपणात, लसूणघासाचा एक पट्टा. विहिरीतलं उरलंसुरलं पाणी त्याला जायचं. संध्याकाळी सून त्यातून एक भारा कापायची आणि वाळक्या चाऱ्यात मूठमूठ मिसळायची. त्याहून जास्त नाही. उपाशी जनावराने ओला घास भसाभसा खाल्ला तर ते फुगतं आणि बघता बघता आडवं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुंपणाच्या फाटकाला लोखंडी कडी होती, आणि 'कडी लावलीस का' हे त्या घरात दिवसातून दहादा तरी विचारलं जायचं.

घरात माणसं चार. ती, तिचा म्हातारा, मुलगा आणि सून. सून दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातून आली होती. हाताने चलाख, तोंडाने गरीब. गाईंच्या धारा तीच काढायची.

प्रार्थना दिवसातून दोनदा, ओसरीवर. एक सकाळी धारांच्या आधी, एक दिवेलागणीला. बंद पडलेल्या शाळेतली एक पितळी घंटा पहारेकरणीने मागून आणली होती, ती तीनदा वाजायची. तिसऱ्या ठोक्याला जो ओसरीवर नसेल त्याने चटई न घेता उघड्या फरशीवर गुडघे टेकायचे. मुलाचा मोबाईल प्रार्थनेपुरता रिकाम्या पिठाच्या डब्यात जायचा. कधी तो आतल्या आत थरथरला की सगळा डबा घुमायचा आणि म्हाताऱ्याच्या मिशीत हसू फुटायचं, ते तिला मुळीच खपायचं नाही. पण सगळ्यात मोठा नियम डोळ्यांचा. तिने तोंड उघडल्यापासून आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. गाय हंबरो, भांडं पडो, दारात कुणी हाका मारो.

ही एवढी कडक शिस्त उगीच आली नव्हती. तिची मुलगी लग्न होऊन शहरात गेली होती. लहानपणी या मुलीला सगळी भजनं तोंडपाठ. आईच्या आधी तीच घंटेला हात घालायची. गेल्या वर्षी ती माहेरी आली, ताटावर बसली आणि मान न झुकवता सरळ घास तोंडात घातला. आईने विचारलं, तर हसली. "अगं आई, वेळच कुठे मिळतो आता." एवढंच. भांडण नाही, रडणं नाही, देवाशी काही वाकडं नाही. वेळ मिळत नाही.

पहारेकरणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती तेव्हापासून खाली उतरलीच नाही. तलवार घेऊन कुणी आलं असतं तर या मुलीने मान पुढे केली असती, पण विश्वास सोडला नसता, याची तिला खात्री होती. पण तलवार घेऊन कुणी आलंच नाही. सकाळची बस आली, ऑफिसातलं काम आलं, फोन आला, संध्याकाळची मालिका आली, आणि सगळ्यांनी मिळून थोडं थोडं करून सगळं नेलं. चोर दिसलाच नाही, मग ओरडायचं कुणाच्या नावाने? त्या दिवशी तिने ठरवलं, की या घरातून आता कणभरही जाऊ द्यायचं नाही. तेव्हापासून प्रार्थनेत ती स्वतःचे डोळे पूर्ण मिटेनाशी झाली. ओठ चालायचे, आणि पापण्यांच्या फटीतून नजर फिरायची. कोण पेंगतंय, कोण चुळबुळतंय. पहाऱ्यावरच्या माणसाने डोळे मिटून कसं चालेल?

दुष्काळात दुधाची गाडी लवकर यायला लागली, आणि तिथून खरी जुंपली. गाडी साडेसातला यायची. गावोगावचं दूध आटलं तेव्हा गाडीवाल्याला दुप्पट गावं फिरायला लावलं, आणि तो साडेसहालाच हॉर्न वाजवायला लागला. सून भीत भीत म्हणाली, की आई, गाडी गेल्यावर निवांत प्रार्थना केली तर? पहारेकरणीने तिच्याकडे असं बघितलं की सुनेने पुढचं वाक्य गिळून टाकलं. उरलेला वेळ देवाला द्यायचा? शिळं अन्न कुत्र्याला देतात तसा? प्रार्थना एक तास अलीकडे ओढून पाचला आणली गेली. माणसं अर्धवट झोपेत, गाईंच्या कासा तटतटलेल्या, आणि ओसरीवर तिचा खणखणीत आवाज.

एवढं करून ती थांबली नाही. एका सकाळी गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि गाडीवाल्याला म्हणाली, की तुझ्या या घाईपायी लोकांची प्रार्थना बुडते, याचा जाब तुला द्यावा लागेल. दुधाचे कॅन घेऊन सातआठ बायका उभ्या होत्या. गाडीवाल्याने इंजिनही बंद केलं नाही.

"मावशी, दूध थांबत नाही," तो म्हणाला. "देव थांबेल की."

बायका हसल्या. त्यात चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसणारी शिंपीणही होती. पहारेकरीण घरी आली ती कान लाल करून, आणि त्या दिवसापासून तिची प्रार्थना रोज थोडी थोडी लांबायला लागली. मुद्दाम. धारांसाठी गाई हंबरल्या की आवाज आणखी चढायचा. एकदा तर धारा होईपर्यंत गाडी निघून गेली, आणि दुपारच्या उन्हात सगळं दूध नासलं. मुलाने ते शेणखतावर ओतलं. रिकामा कॅन असा आपटला की त्याला पोचा आला.

त्या सोमवारी संध्याकाळी सून घास कापत होती. भारा बांधायला वेळ लागला, तेवढ्यात घंटेचा पहिला ठोका झाला. ओसरीवरून पहारेकरणीला ती दिसत होती. डोक्यावर भारा, एका हातात विळा, दुसऱ्या हाताने भारा सावरत ती फाटकातून बाहेर पडली, टाचेने फाटक ढकललं आणि धावत सुटली. तिसरा ठोका जरा थांबवून मारता आला असता. पहारेकरणीने तो थांबवला नाही. सून धापा टाकत वेळेवर गुडघ्यांवर आली, आणि पहारेकरणीला बरं वाटलं. शिस्त म्हणतात ती ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला प्रार्थना सुरू झाली. झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं, गोठ्यात दिवा जळत होता. म्हातारा खांबाला टेकलेला, मुलगा मान खाली घालून, सून तिच्या उजव्या हाताला, जरा मागे. पहारेकरणीने नजर फिरवली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मग नजर गोठ्याकडे गेली, आणि तिला तांबडी गाय दिसली.

तांबडी आठव्या महिन्यात होती. पोट ओढत होतं म्हणून तिला ढिलं बांधायचे. दाव्यातून मान काढून ती गोठ्याबाहेर आली, क्षणभर उभी राहिली, हवा हुंगली आणि चालू लागली. फाटकाशी जाऊन तिने कपाळ नुसतं टेकवलं. फाटक उघडलं.

हे पहारेकरणीने पाहिलं. स्वच्छ पाहिलं. ओठ चालूच होते. उठावं, असं तिच्या अंगाला वाटलं, गुडघा हललाही. आणि त्याच क्षणी गाडीवाल्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि त्या हसणाऱ्या बायका, आणि शहरातल्या मुलीचं ते 'वेळच कुठे मिळतो'. काल हॉर्न, परवा फोन, आज गाय. आज गाईसाठी उठलो तर उद्या कोंबडीसाठी उठू. सैतान काही शिंगं लावून येत नाही, असं ती नेहमी म्हणायची. आज तो शिंगं लावूनच आला होता, आणि आपण त्याला ओळखलं, असं तिला वाटलं. थोडं खाईल. थोड्याने काय होतं?

मागे सुनेच्या बांगड्या वाजल्या. खुरांचा आवाज तिने ऐकला असावा. ती अर्धवट उठलीच होती, तेवढ्यात पहारेकरणीने डावीउजवीकडे न बघता हात मागे नेला आणि तिच्या गुडघ्यावर दाबून ठेवला. सून खाली बसली.

मग पहारेकरणीने प्रार्थना केली. अशी प्रार्थना तिने जन्मात केली नव्हती. ज्यांना ज्यांना वेळ नाही त्या सगळ्यांची नावं घेतली. गाड्यांसाठी, फोनसाठी, पोटासाठी, जिभेसाठी देवाला बाजूला सारणाऱ्या सगळ्यांना तिने एकेक करून उभं केलं. आवाज गोठ्यापलीकडे जात होता. रोज वीस मिनिटांची प्रार्थना त्या दिवशी चाळीस मिनिटं चालली. आमेन म्हटलं तेव्हा ती घामाघूम झाली होती आणि जिंकल्यासारखी दिसत होती.

सून धावली ती चप्पल न घालता.

तांबडी घासाच्या पट्ट्याच्या मधोमध उभी होती. खाणं थांबलं होतं. डावी कूस पाठीच्या कण्याच्या वर आली होती. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर, तोंडातून फेसाची तार. मुलाने कुशीवर बोटं मारली तर ढोल वाजावा तसा आवाज आला. त्याने तिच्या जबड्यात आडवी काठी बांधली, म्हाताऱ्याने शेपूट धरून तिला चालवायचा प्रयत्न केला. चार पावलं टाकून ती पुढच्या गुडघ्यांवर बसली. जनावरांचा डॉक्टर तालुक्याला, तिथून यायला दोन तास. मुलाने डब्यातून फोन काढला, लावला, ठेवला, आणि माळाकडे पळत सुटला. तिकडे मेंढपाळाच्या मेंढ्या होत्या.

मेंढपाळ चर्चला येत नसे. उलट रविवारी नेमका उपदेशाच्या वेळी त्याचा कळप चर्चसमोरून बें बें करत जायचा. एकदा पहारेकरणीने पायरीवर येऊन त्याला चारचौघांत झापलं होतं, की तुला देवाची नाही तर माणसांची तरी लाज वाटू दे. तोच आता तिच्या घासाच्या पट्ट्यात आला. कुणाकडे न बघता तांबडीजवळ उकिडवा बसला, शेवटची बरगडी चाचपली, चार बोटं मोजली, कमरेची पिशवी उघडली आणि नळी चढवलेली एक टोकदार सळई बाहेर काढली.

"धरा घट्ट," तो म्हणाला.

मुठीने एकच ठोसा मारावा तशी त्याने ती घुसवली. सळई उपसली, नळी आत राहिली. फस्स करून वारा सुटला आणि त्यामागून हिरवा फेस. वासाने पहारेकरणीने पदर नाकाला लावला. नळी फेसाने बंद झाली, मेंढपाळाने ती तारेने मोकळी केली, पुन्हा बंद झाली. खायचं तेल आणा म्हणाला. सुनेने घरातला सगळा डबा आणला. ते नळीतून आत ओतून तो कूस चोळत बसला. अर्ध्या तासाने तांबडीने ढेकर दिली, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेंढपाळाने घासाकडे नजर टाकली. मधला भाग जमिनीपर्यंत खाल्लेला होता.

"बराच वेळ खात होती ही," तो म्हणाला. "सगळे होतात कुठे?"

"प्रार्थनेला," मुलगा म्हणाला.

"घरातच?"

"ओसरीवर."

मेंढपाळाने ओसरीकडे बघितलं. तिथून फाटक समोर दिसत होतं. त्याने मान हलवली, सळई गवताला पुसली आणि पिशवीत ठेवली. देऊ केलेला चहा न घेता तो गेला. एखादा शब्द बोलला असता तर पहारेकरणीला त्याच्यावर चिडता आलं असतं.

मधेच केव्हातरी गाडी आली होती. हॉर्न वाजत राहिला म्हणून पहारेकरीणच रस्त्यावर गेली आणि आज दूध नाही म्हणाली. गाडीवाल्याने विचारलं, काय झालं?

"सुनेने फाटकाची कडी लावली नाही," ती म्हणाली. "गाय फुगली."

हे खोटं नव्हतं. कडी सुनेनेच लावली नव्हती. पण तोंडातून ते इतक्या सहज आलं की तिचं तिलाच क्षणभर दचकायला झालं. गाडीवाला 'अरेरे' म्हणाला आणि निघून गेला. ती गाडी दिवसात अकरा गावं करायची, आणि दुधापेक्षा बातम्या जास्त वाहायची.

घरात मुलगा बायकोवर तुटून पडला. कडी लावायला किती वेळ लागतो, हात मोडला होता का. म्हाताराही म्हणाला, की पोरी, लक्ष नको का? सून खाली मान घालून उभी होती. तिने एकदा, एकदाच, सासूकडे पाहिलं. पहारेकरीण दुसरीकडे बघत म्हणाली, "आता बोलून काय उपयोग. क्षमा मागू या."

आणि क्षमा मागितली गेली. बुधवारी सकाळी मागितली, संध्याकाळी मागितली. गुरुवारीही. हे प्रभो, या घरातल्या सुनेच्या निष्काळजीपणाची क्षमा कर. तिचं मन कामावर नसतं, प्रार्थनेवर नसतं, ते जागेवर आण. सून गुडघ्यांवर असायची, हात जोडलेले, आणि प्रत्येक वेळी आमेन म्हणायची. गुरुवारी दुपारी तिच्या बापाचा फोन आला. गाडी त्या गावालाही जात होती. सून फोन घेऊन गोठ्यामागे गेली. पहारेकरणीला एवढंच ऐकू आलं, "हो बाबा. चुकलं माझं." मग पुन्हा, "नाही, कुणी काही बोलत नाही मला."

शुक्रवारी तांबडीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. मुलाने कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं. कालवड होती, अंगावर पूर्ण केसही आले नव्हते. तांबडी तिला चाटत राहिली, ढोसत राहिली, आणि ती उठेना म्हणून घशातून हलका आवाज काढत राहिली. मुलाने कालवड पोत्यात घेतली, विहिरीपलीकडे नेऊन पुरली, आणि संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा तो आला नाही.

दुसरा ठोका. तिसरा. पहारेकरीण गोठ्यात गेली. तो तांबडीजवळ बसला होता.

"घंटा ऐकू आली नाही का?"

"आली."

"मग?"

"आई, मला आता डोळे मिटायची भीती वाटते," तो म्हणाला. "तू कर. माझी पण करून टाक."

म्हाताराही शनिवारी सकाळी उठला नाही. पाय दुखतात म्हणाला. पाय त्याचे वीस वर्षं दुखत होते. पहारेकरीण ओसरीवर घंटा हातात घेऊन उभी राहिली, आणि तिला राग आला. मुलाचा आला, म्हाताऱ्याचा, तांबडीचा आला. असा राग की घंटेचं पितळ हातात गरम लागलं. हेच तर ती अडवायला बसली होती, आणि हेच घरातून तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. यावेळी चोर दिसत नव्हता असंही नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर शिंपीण तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही एकट्या किती डोळ्यांत तेल घालणार हो? सुनेला नको का कळायला?" चार बायकांनी माना डोलावल्या. सून दोन पावलांवर, भजनाची वही छातीशी धरून उभी होती. पहारेकरणीने मान डोलावली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला कडू चव होती.

सोमवारी सकाळी ओसरीवर दोघीच होत्या.

"हे प्रभो," पहारेकरीण म्हणाली. सवयीने पापण्या फटीएवढ्या उघड्या राहिल्या, नजर फिरली. बघायला कुणी नव्हतं. समोर गोठा, गोठ्यामागे फाटक. "हे प्रभो, या घरातल्या सुनेच्या..."

पुढचा शब्द निघेना. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली. सून वाट बघत होती. पहारेकरणीचा सगळा राग घशाशी आला आणि बाहेर पडला तो भलत्याच रूपात.

"मी पाहिलं होतं तिला," ती म्हणाली. दरडावल्यासारखीच म्हणाली, तिला दुसरा आवाज नव्हता. "तांबडीला. फाटकातून जाताना. माझे डोळे उघडे होते."

"मला माहीत आहे," सून म्हणाली.

पहारेकरीण वळली. सुनेचे डोळे उघडे होते, आणि त्यांत रडू नव्हतं.

"माझेही उघडे होते. खुरांचा आवाज आला म्हणून उघडले, तर तुम्ही तिच्याकडे बघत होता. म्हटलं, आता आई उठतील. मग तुम्ही मला दाबून बसवलंत."

"मग बोलली का नाहीस? इतके दिवस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज प्रार्थनेत माझं नाव यायचं. मी रोज वाट बघायचे, आज तुमचंही येईल. एवढ्या मोठ्या आवाजात देवाशी बोलणारं माणूस देवाला खोटं सांगणार नाही, असं वाटायचं मला. कडी मी लावली नाही, ती माझी चूक. ती मी माझ्या बापाजवळ कबूल केली. पण आई, दोन वर्षांत या ओसरीवर मी एकदाही देवाकडे बघितलं नाही. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघताय की नाही, ते."

एवढं बोलून ती उठली, कासंडी उचलली आणि धारा काढायला गेली. आमेन कुणीच म्हटलं नाही.

पहारेकरीण तशीच बसून राहिली. गुडघे दुखायला लागले तरी हलली नाही. लाज वाटली, हे तिला कळत होतं, पण लाजेपेक्षा राग मोठा होता, आणि आता तो टाकायला बाहेर कुठे जागा उरली नव्हती. मुलगी वर्षभर तिच्या मनात गुन्हेगार होती. मुलीला वेळ मिळत नव्हता. तिला स्वतःला तर सकाळसंध्याकाळ वेळ होता, घंटा होती, चटई होती, आणि त्या सगळ्या वेळात तिने काय केलं? माणसं मोजली. शेवटचं खरोखर डोळे मिटून देवापुढे आपण कधी बसलो, हे आठवायला गेली, तर आठवेना.

साडेसहाला हॉर्न वाजला.

सून कॅन घेऊन निघालीच होती. पहारेकरणीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः रस्त्यावर गेली. नेहमीच्या बायका होत्या, शिंपीण होती. मेंढपाळ मेंढ्या घेऊन रस्ता ओलांडत होता. गाडीवाल्याने कॅन घेतला, ओतला, परत दिला आणि गिअरला हात घातला. ती गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, आज नको," गाडीवाला म्हणाला. "उशीर होतोय. दूध नासेल."

"नासू दे. गाडी बंद कर."

"प्रार्थनेचं नंतर बोलू."

"प्रार्थनेचं नाही. बंद कर म्हणते ना."

त्याने इंजिन बंद केलं. कुणीतरी हसलं.

"मंगळवारी मी तुला सांगितलं, सुनेने कडी लावली नाही," ती म्हणाली. "तू ते अकरा गावांत पोचवलंस. आता राहिलेलं ऐक. ती कडी लावू शकली नाही, कारण मी घंटा वाजवत होते आणि तिच्या डोक्यावर भारा होता. आणि सकाळी गाय फाटकातून जाताना मी पाहिली. प्रार्थना करता करता पाहिली. उठले नाही. सून उठत होती, तिला मी हात दाबून बसवलं. वासरू माझ्यामुळे गेलं. हे जसंच्या तसं प्रत्येक दारात सांगायचं. तिच्या बापाच्या गावात आधी."

शिंपीण आपल्या कॅनच्या झाकणाकडे बघत होती. मेंढपाळ रस्त्याच्या कडेला काठीवर टेकून थांबला होता. त्याच्याकडे बघणं तिला सगळ्यात जड गेलं, पण तिने बघितलं.

"सांगशील ना?" तिने गाडीवाल्याला विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला. "पण मावशी, लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. आता जा. दूध नासेल."

ती परत आली तेव्हा गोठ्यात मुलगा आणि सून खालच्या आवाजात काही बोलत होते. रस्त्यावरचं त्यांनी ऐकलं होतं की नाही, तिला कळलं नाही. गोठ्यात डोकावून बघावं असं वाटलं, पण ती सरळ ओसरीवर गेली. घंटा उचलून तिने पिठाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मग गुडघे टेकले, चटई न घेता, आणि डोळे मिटले.

पापण्या राहीनात. वर्षभराच्या सवयीने त्या फडफडत उघडायला बघत होत्या. तिने तळहात डोळ्यांवर दाबून धरले. तोंडात शब्द येत नव्हते. आला तो रागच आला, आणि तोच तिने पुढे केला, कारण खरं म्हणावं असं तेवढंच तिच्याजवळ होतं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. कुणाचा तरी फोन वाजला आणि थांबला. गोठ्यामागे पावलं गेली, घास कापल्याचा आवाज आला, मग पावलं परतली.

फाटक लोटलं गेलं. कडी अडकल्याचा आवाज झाला. ती कुणी लावली, हे बघायला तिने डोळे उघडले नाहीत.